तो बाहेर का बसला?

१२ ऑक्टोबर २०१८, हैदराबाद. वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत शार्दूल ठाकूरला भारताची टोपी मिळाली. पालघरजवळच्या माहीमचा हा मुलगा. खांद्यावर किटबॅग टाकायची, गाडी पकडायची आणि मुंबईची मैदानं गाठायची, यात त्याची उमेदीची वर्षं गेलेली. कसोटीतला त्याचा पहिला स्पेल मात्र जेमतेम दहा चेंडू टिकला. दुसऱ्याच षटकात जांघेचा स्नायू दुखावला, तो लंगडत बाहेर गेला आणि त्या सामन्यात त्याने पुन्हा चेंडू हातात घेतला नाही. स्कोअरकार्ड उघडलं तर त्याच्या नावापुढे आजही १.४ षटकं दिसतात. कारण तिथे लिहिलेलं नाही. पण क्रिकेट बघणाऱ्या माणसाला तो आकडा लगेच खटकतो. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वेगवान गोलंदाजाला कोणताही कर्णधार दहा चेंडूंवर थांबवत नसतो.

आता आणखी आठ वर्षं मागे जाऊ. ६ फेब्रुवारी २०१०, नागपूर. लक्ष्मण जखमी असल्यामुळे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध रोहित शर्माचं कसोटी पदार्पण ठरल्यात जमा होतं. सामन्याआधी अंग मोकळं करायला म्हणून खेळाडू फुटबॉल खेळत होते. त्यात रोहितची वृद्धिमान साहाशी टक्कर झाली, घोटा मुरगळला, आणि टोपी साहाच्या डोक्यावर गेली. रोहितला कसोटीसाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. नागपूरच्या त्या सामन्याचं स्कोअरकार्ड कितीही बारकाईने वाचा, रोहितचं नाव सापडणार नाही. पहिला चेंडू पडण्याआधी झालेली दुखापत स्कोअरकार्डात येणार तरी कुठून?

रोहित आणि शार्दूल, दोघेही बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलचे, दोघेही दिनेश लाड सरांचे विद्यार्थी. दोघांच्याही कसोटी कारकिर्दीची सुरुवात दुखापतीने झाली. एकाच्या दुखापतीची खूण आकड्यांत राहिली, दुसऱ्याची राहिली नाही. सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरून खेळाडूंच्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्यांची सगळी पंचाईत या दोन उदाहरणांत आली.

हा अभ्यास आता जगभर चालतो. कारण साधं आहे. अव्वल खेळाडूच्या अंगावर काय बेतलं याची खरी नोंद संघाच्या डॉक्टरकडे आणि फिजिओकडे असते, आणि ती सहसा कपाटाबाहेर येत नाही. पण तोच खेळाडू किती खेळला, कधी बसला, कधी परतला, हे सगळं चव्हाट्यावर असतं. स्कोअरकार्डं, प्रत्येक चेंडूची नोंद, क्रिकेट मंडळाची प्रसिद्धिपत्रकं, आयपीएल संघांनी जाहीर केलेले बदली खेळाडू, वर्तमानपत्रांतल्या बातम्या, थेट प्रक्षेपणाची चित्रफीत, आणि हल्ली खेळाडूने स्वतःच टाकलेला हॉस्पिटलच्या खाटेवरचा फोटो. क्रिकशीटसारख्या संकेतस्थळावर हजारो सामन्यांची चेंडूगणिक नोंद फुकट उतरवून घेता येते. त्यासाठी कोणाच्या परवानगीचा कागद लागत नाही.

असं काम करणारे सगळे डॉक्टरच असतात असंही नाही. बेसबॉलमध्ये फेकणाऱ्याच्या कोपरातलं अस्थिबंधन फाटलं की ‘टॉमी जॉन’ नावाची शस्त्रक्रिया करतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा ज्या खेळाडूवर केली, त्याचंच हे नाव. ही शस्त्रक्रिया कोणाकोणावर कधी झाली, याची एक भलीमोठी यादी जॉन रोगेल नावाच्या बेसबॉलप्रेमीने बातम्या चाळून तयार केली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. संशोधकांनी पुढे आपल्या निबंधांसाठी ती बिनदिक्कत वापरली. आपल्याकडेही घरोघरी क्रिकेटची कात्रणं जपणारे काका होते. त्यांनी शतकांसोबत दुखापतींचीही वही ठेवली असती, तर आज तिला सोन्याचा भाव आला असता.

फुटबॉलमध्ये या कामाला सर्वात जास्त वापरलं जातं ते ट्रान्सफरमार्क्ट हे जर्मन संकेतस्थळ. तिथे खेळाडूच्या पानावर दुखापतींचा तक्ताच असतो. काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, किती सामने हुकले. यातली एक नोंद मुंबईकरांच्या चांगलीच जिव्हारी लागलेली आहे. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातलं मुंबई फुटबॉल अरेना हे मुंबई सिटी संघाचं घरचं मैदान. ऑगस्ट २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगची सोडत निघाली आणि मुंबई सिटीच्या गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल आला, म्हणजे त्या संघातला नेमार मुंबईत खेळणार! सामना मात्र घरच्या मैदानाऐवजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ६ नोव्हेंबरला ठरला. पण १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला, तिथलं एसीएल हे अस्थिबंधन फाटलं. अल हिलाल आला, २-० ने जिंकून गेला. नेमार आला नाही, आणि त्यानंतर वर्ष उलटल्यावरच तो मैदानावर दिसला.

अशी मोठी दुखापत खुल्या नोंदींतून सहसा निसटत नाही. दिवस माहीत, जागा माहीत, शस्त्रक्रिया माहीत, परतीची तारीख माहीत. घोळ होतो तो बारक्या दुखापतींचा. पोटरी आखडली, तीन दिवस सराव बुडाला, शनिवारी पठ्ठ्या पुन्हा खेळायला हजर. याची बातमी कोण करणार? आणि नेमारच्या मागे शंभर कॅमेरे असतात. राखीव फळीतल्या पोराचा गुडघा गेला तर ते कळायलाही उशीर होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये लीगच्या वैद्यकीय नोंदी आणि बातम्यांवर आधारलेले अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा एसीएलसारखी मोठी दुखापतही बातम्यांतून बऱ्यापैकी गळालेली आढळली.

आतली नोंद कशी दिसते, हे युरोपातल्या एका दीर्घ अभ्यासावरून कळतं. स्वीडनच्या यान एकस्ट्रँड यांनी २००१ पासून युरोपच्या बड्या क्लबांच्या डॉक्टरांकडूनच आकडे गोळा केले. त्यांच्या पहिल्या सात हंगामांच्या हिशेबात सामन्यांत दर हजार तासांमागे सुमारे २७ आणि सरावात सुमारे ४ दुखापती निघाल्या. हजार तास म्हणजे किती? एका सामन्यात एका संघाचे अकरा खेळाडू दीड तास खेळतात, म्हणजे साडेसोळा तास. हजार तास भरायला साठ सामने लागतात. साठ सामन्यांत २७ दुखापती म्हणजे जवळपास दर दुसऱ्या सामन्यात संघातला एक जण जायबंदी. सामन्यांचे तास कोणीही घरबसल्या मोजू शकतो. सरावाचे तास मात्र क्लबच्या कुंपणाआड असतात, त्यामुळे बाहेर बसलेल्या माणसाला त्या ४ च्या आकड्यापर्यंत पोहोचता येत नाही. तो निम्मा हिशेब कोराच राहतो.

क्रिकेटमध्ये तर हा कोरा भाग फार मोठा आहे. रोहितच्याच मोठ्या म्हणता येतील अशा दुखापती बातम्यांतून गोळा केल्या तर वहीत साधारण अशा ओळी होतात. २०१० साली नागपूरला घोटा, फुटबॉल खेळताना. ऑक्टोबर २०१६ मध्ये विशाखापट्टणमला न्यूझीलंडविरुद्ध मांडी, पुढे लंडनला शस्त्रक्रिया. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये पोटरी. ऑक्टोबर २०२० मध्ये दुबईत आयपीएलमध्ये डावी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत सराव करताना पुन्हा डावीच हॅमस्ट्रिंग. डिसेंबर २०२२ मध्ये मीरपूरला अंगठा. सहापैकी दोन सामन्याबाहेरच्या. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेचंही तेच. डिसेंबर २०१६ मध्ये वानखेडेवरच्या कसोटीच्या आदल्या दिवशी नेट्समध्ये त्याच्या बोटाचं हाड मोडलं. स्कोअरकार्डात त्याची खूण इतकीच, की त्या सामन्यात रहाणे नाही.

आणि सामन्यात झालेल्या दुखापतीची खूण तरी सरळ असते का? मीरपूरला बांगलादेशच्या डावाच्या दुसऱ्याच षटकात स्लिपमध्ये झेल घेण्याच्या प्रयत्नात रोहितचा अंगठा निखळला. तो हॉस्पिटलात जाऊन आला, पट्टी बांधून नवव्या क्रमांकावर उतरला आणि २८ चेंडूंत नाबाद ५१ करून सामना पाच धावांपर्यंत ओढून आणला. आकड्यांत दुखापत कुठे दिसते? फलंदाजीच्या क्रमांकात. सलामीचा कर्णधार नववा आला, हाच पुरावा. धावा बघून कोणी म्हणेल, हा तर ठणठणीत आहे!

‘रिटायर्ड हर्ट’ हे शब्द तरी भरवशाचे असावेत. न्यूझीलंडमध्ये २ फेब्रुवारी २०२० ला रोहित ६० धावांवर ‘रिटायर्ड हर्ट’ झाला आणि उरलेल्या सगळ्या दौऱ्याला मुकला. ५ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये आयर्लंडविरुद्ध दंडावर चेंडू लागल्यानंतर तो ५२ धावांवर ‘रिटायर्ड हर्ट’ झाला आणि चारच दिवसांनी पाकिस्तानविरुद्ध सलामीला उभा होता. स्कोअरकार्डाला दोन्ही प्रसंग एकसारखे.

पण खरी गंमत २०२० च्या हॅमस्ट्रिंगमध्ये आहे. ती जरा सावकाश पाहण्यासारखी आहे.

१८ ऑक्टोबर २०२०. दुबईत मुंबई आणि पंजाब यांचा तो दोन-दोन सुपर ओव्हर्सचा सामना. त्यात रोहितची हॅमस्ट्रिंग दुखावली. मुंबईच्या पुढच्या चार सामन्यांत तो खेळला नाही. २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे संघ जाहीर झाले, त्यांत रोहितचं नाव नव्हतं. मंडळाचं वैद्यकीय पथक त्याच्यावर लक्ष ठेवून आहे, एवढंच सांगण्यात आलं. त्याच दिवशी मुंबई इंडियन्सने रोहित नेट्समध्ये सराव करत असल्याची दृश्यं टाकली. लोक चक्रावले. ३ नोव्हेंबरला तो हैदराबादविरुद्ध खेळला. ९ नोव्हेंबरला मंडळाने संघ बदलला आणि कसोटींसाठी त्याचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी त्याने आयपीएलच्या अंतिम सामन्यात ५१ चेंडूंत ६८ धावा करून चषक उचलला. तरीही तो संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला नाही. मुंबईला आला, मग बंगळुरूच्या राष्ट्रीय अकादमीत दाखल झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस कर्णधार कोहलीने पत्रकारांसमोर बोलून दाखवलं, की या प्रकरणात स्पष्टता नव्हती. ११ डिसेंबरला रोहित तंदुरुस्तीच्या चाचणीत पास झाला आणि ७ जानेवारी २०२१ ला सिडनीत कसोटी खेळला.

आता अभ्यासकाने आपल्या तक्त्यात ‘किती दिवस बाहेर’ या रकान्यात काय भरायचं? आयपीएलचं वेळापत्रक बघून मोजलं तर १६ दिवस. अकादमीच्या चाचणीपर्यंत मोजलं तर ५४. भारताकडून पुन्हा खेळेपर्यंत मोजलं तर ८१. तिन्ही आकडे खुल्या माहितीतून आलेले आणि तिन्ही आपापल्या जागी खरे. एका हॅमस्ट्रिंगची ही तऱ्हा, तर शंभर खेळाडूंच्या हॅमस्ट्रिंगची सरासरी काढणाऱ्याने मोजण्याची रीत आधी ठरवून लिहून ठेवली नाही, तर त्या सरासरीला काय अर्थ राहील? यासाठीच क्रिकेटमधल्या वैद्यकीय मंडळींनी २००५ साली दुखापतीची व्याख्या आणि मोजणीचे नियम एकमताने ठरवले, आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केल्या. घरी बसून वही भरणाऱ्यानेही ते नियम आधी वाचलेले बरे.

व्याख्या किंवा नियम बदलला की आकडाही बदलतो, हे पुण्याजवळच्या गहुंजेतल्या एका प्रसंगावरून कळतं. ३१ जानेवारी २०२५, इंग्लंडविरुद्धचा टी-ट्वेंटी सामना. अंधेरीत वाढलेल्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर डावाच्या अखेरच्या षटकात चेंडू आदळला. त्याने ५३ धावा केल्या होत्या. इंग्लंडच्या डावात त्याच्या जागी कन्कशन बदली म्हणून हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. फटकेबाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी निखळ वेगवान गोलंदाज कसा चालतो, यावर पुढे बरीच तू-तू-मैं-मैं झाली. आपल्याला इथे वेगळंच बघायचं आहे. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूची बदली करण्याची मुभा आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून दिली. त्याआधी डोक्यावर चेंडू लागलेला माणूस बहुतेक वेळा पाणी पिऊन तसाच उभा राहायचा. त्यामुळे बातम्यांवरून आलेख काढला तर २०१९ नंतर क्रिकेटमध्ये डोक्याच्या दुखापती एकदम वाढल्यासारख्या दिसतील. चेंडू पूर्वीही आदळत होते. फक्त आता त्यांची नोंद होते.

तीच नोंद कधी कधी चित्रफितीवरूनही काढता येते, आणि हा या सगळ्या खटाटोपातला सर्वात उपयोगी भाग म्हणायला हवा. कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सगळे ६४ सामने दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणावरून पुन्हा पाहिले आणि डोक्याला धक्का बसल्याचे ८१ प्रसंग मोजले. त्यांतल्या फक्त १२ प्रसंगांत मैदानाकडेच्या वैद्यकीय पथकाने खेळाडूला तपासलं होतं. यात कुणाची खासगी फाईल उघडली नाही, कुठल्या डॉक्टरला विचारावं लागलं नाही. जे कोट्यवधी लोकांनी डोळ्यांदेखत पाहिलं, तेच कोणीतरी मोजलं. संघांच्या आतल्या नोंदींत हा आकडा सापडला नसता. तपासणीच झाली नाही, तर नोंद कशाची होणार?

वेगवान गोलंदाजांच्या बाबतीत खुल्या आकड्यांना आणखी एक काम जमतं, ते म्हणजे ओझं मोजणं. ऑस्ट्रेलियात दुखापतींच्या नोंदी वर्षानुवर्षं पद्धतशीर ठेवल्या जातात आणि त्यांचे अहवाल प्रसिद्धही होतात. तिथल्या नोंदींनुसार कुठल्याही दिवशी साधारण पाचातला एक वेगवान गोलंदाज दुखापतीमुळे बाहेर असतो. सिडनीचे क्रीडावैद्य डॉ. जॉन ऑर्चर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एकाच सामन्यात पन्नासहून जास्त षटकं टाकणाऱ्या गोलंदाजाला पुढच्या तीन आठवड्यांत दुखापत होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. यातला षटकांचा भाग तर कोणालाही स्कोअरकार्डावरून काढता येतो.

मुंबई इंडियन्सचाच जसप्रीत बुमराह घ्या. मेलबर्नची कसोटी, २६ ते ३० डिसेंबर २०२४. पहिल्या डावात २८.४ षटकं, दुसऱ्यात २४.४. बेरीज ५३.२. सिडनीची कसोटी ३ जानेवारीला सुरू झाली, म्हणजे मधे फक्त तीन मोकळे दिवस. ४ जानेवारीला पाठ धरल्यामुळे बुमराह मैदान सोडून तपासणीला गेला आणि शेवटच्या डावात त्याने एकही चेंडू टाकला नाही. चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली. तो परतला थेट ७ एप्रिलला, वानखेडेवर.

मग काय, सिद्ध झालं? नाही. हा एक गोलंदाज आणि एक मालिका. आधी मोडलेली आणि शस्त्रक्रिया झालेली पाठ, तिरकस शैली, वय, प्रवास, सगळं त्यात मिसळलेलं. शिवाय आपण हे उदाहरण दुखापत झाल्यानंतर शोधलं. पन्नास षटकं टाकूनही ज्यांना काही झालं नाही त्यांची यादी कुठे केली? २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात मोहम्मद सिराजने पाचही कसोटींत मिळून १८५.३ षटकं टाकली. बुमराहने ऑस्ट्रेलियात टाकलेल्या १५१.२ षटकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि सिराज शेवटच्या सकाळपर्यंत धावत होता. मात्र त्याच्या षटकांचा सामनावार हिशेब मांडला तर ४१, ३१.३, ३६.३, ३० आणि ४६.३ असे आकडे मिळतात. एकाही सामन्यात पन्नाशी नाही. हे ऑर्चर्ड यांच्या म्हणण्याला धरून आहे खरं. पण दोन गोलंदाजांवरून नियम बांधायचा नसतो, नवा प्रश्न विचारायचा असतो. मालिकेची बेरीज महत्त्वाची, की ती कशी वाटली गेली ते?

दुखापतीनंतर खेळाडू ‘पहिल्यासारखा’ झाला का, हा तर लोकांचा आवडता प्रश्न, आणि तिथे खुल्या आकड्यांवरून हवं ते सिद्ध करता येतं. सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे ज्या घरात कधी रॅकेट आली नाही तिथेही ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आला. मे २००५ मध्ये लंडनला कोपराची शस्त्रक्रिया झाली, २००६ मध्ये खांद्याची. त्या २००६ साली त्याचं एकही कसोटी शतक नाही. तिथेच मोजणी थांबवली तर निष्कर्ष निघतो, शस्त्रक्रियेनंतर तेंडुलकर संपला. तसं म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. मोजणी २०१० पर्यंत नेली तर त्या एका वर्षात सात कसोटी शतकं, १५६२ कसोटी धावा आणि ग्वाल्हेरचं एकदिवसीय द्विशतक. शस्त्रक्रिया त्याच, माणूस तोच. फरक फक्त मोजपट्टी कुठे संपवली याचा. म्हणून जाणकार संशोधक जखमी खेळाडूची तुलना त्याच्याच जुन्या आकड्यांशी करून थांबत नाहीत. त्याच वयाचे, त्याच दर्जाचे, पण जखमी न झालेले खेळाडू शोधून त्यांचं त्या काळात काय झालं तेही पाहतात.

एक जरा नाजूक बाब. दुखापत ही शेवटी माणसाच्या शरीराची खासगी गोष्ट. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. म्हणजे खेळाडूने स्वतः टाकलेला प्लॅस्टरचा फोटो वेगळा, आणि कुठून तरी फुटलेला एमआरआयचा अहवाल वेगळा. दोन्ही इंटरनेटवर सापडतात म्हणून दोन्ही ‘खुले’ ठरत नाहीत.

आणि जे मुळात कुठेच सापडत नाही, त्याचं काय? १९४८ पासून ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर कांगा लीग चालते. हॅरिस आणि गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धांत बारा-चौदा वर्षांची पोरं दिवस दिवस गोलंदाजी टाकतात. वेगवान गोलंदाजाच्या कण्याचं हाड वयाच्या विशीपर्यंत पक्कं होत असतं, आणि कमरेतला स्ट्रेस फ्रॅक्चर प्रामुख्याने याच वयातल्या मुलांना गाठतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला. या सामन्यांच्या धावा, बळी आणि षटकं वर्तमानपत्रांच्या बारीक टायपात छापून येत आली. पुढच्या आठवड्यात कोणाची कंबर धरली, ते कुठेच छापून आलं नाही. बोरिवली ते चर्चगेट गाडीत किटबॅग मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाच्या दुखऱ्या कमरेची माहिती फार तर त्याच्या आईला असते.

आता शार्दूलकडे परत येऊ. हैदराबादच्या त्या दहा चेंडूंनंतर त्याची पुढची कसोटी थेट १५ जानेवारी २०२१ ला, ब्रिस्बेनमध्ये. कसोट्यांमधलं अंतर मोजणारा एखादा भाबडा संगणक सांगेल, जांघेच्या दुखापतीने हा गोलंदाज सव्वादोन वर्षं बाहेर होता. खरं तर मे २०१९ मध्ये आयपीएलच्या अंतिम सामन्याचा शेवटचा चेंडू त्यानेच खेळला होता. मधला बराच काळ तो तंदुरुस्त होता. कसोटी संघात जागा नव्हती, इतकंच.

ब्रिस्बेनला जागा झाली, कारण आधीची फळीच कोसळली होती. शमीचा हात ॲडलेडला मोडला, उमेशची पोटरी मेलबर्नला गेली, राहुलचं मनगट नेट्समध्ये, जाडेजाचा अंगठा आणि विहारीची हॅमस्ट्रिंग सिडनीत, अश्विनची पाठ, बुमराहचं पोट. कोहलीही नव्हता, पण तो मुलीच्या जन्मासाठी घरी आला होता. स्कोअरकार्डात ती गैरहजेरीही बाकीच्यांसारखीच दिसते. शार्दूलने सामन्यात सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा केल्या.

त्याच सामन्याच्या पहिल्या दिवशी नवदीप सैनी आपलं आठवं षटक टाकत होता. पाच चेंडू झाले आणि त्याने जांघ धरली, शार्दूलने हैदराबादला धरली होती तशीच. षटक कोणीतरी पुरं करायला हवं होतं. रोहित शर्मा पुढे आला, चार पावलं धावला आणि मध्यमगती चेंडू टाकून मोकळा झाला. त्या डावाच्या गोलंदाजीच्या तक्त्यात सैनीपुढे ७.५ षटकं आहेत. रोहितपुढे ०.१.